नांगराला लागलेली वस्तू



पेरणीपूर्वीची नांगरट चालू आहे. पुढे बैल असोत की ट्रॅक्टर, काम एकच. इतक्यात फाळाला काहीतरी लागते आणि ‘खण्ण’ असा आवाज होतो. दगडाचा आवाज शेतकऱ्याच्या कानाला बरोबर कळतो; हा आवाज दगडाचा नव्हे. औत थांबते, माती बाजूला सारली जाते आणि हाताला येते एक हिरवट, जड, वेडीवाकडी वस्तू. घटकाभरात बांधावर चार माणसे गोळा होतात. एक म्हणतो, सोनं असणार. दुसरा म्हणतो, देवाचं आहे, हात लावू नका. तिसरा व्यवहारी, तो म्हणतो, मोडीत घाला, चार पैसे तरी येतील. चौथा मात्र काहीच बोलत नाही. तो रात्री बॅटरी घेऊन उरलेलं खणायला येतो!

या चौघांनाही न सुचणारा एक साधा प्रश्न आहे. ही वस्तू कोणाची, कधीची आणि कशासाठी केलेली? आज आपल्याला याच प्रश्नाचा विचार करायचा आहे. जमिनीतून निघालेली अनोळखी धातूची वस्तू ओळखायची कशी, आणि ती ओळखता यावी म्हणून सापडल्या क्षणी आपण काय करावे व काय करू नये, हा आजचा विषय.

प्रथम माझ्याच अनुभवातली एक गोष्ट सांगतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी खेड्यातून येणारा एक विद्यार्थी रुमालात बांधून तांब्याची सात-आठ नाणी घेऊन आला. घराचा पाया खणताना एका गाडग्यात ती सापडली होती. नाणी नव्या भांड्यासारखी लखलखत होती. मी विचारले, “अरे, ही एवढी चकचकीत कशी?” तो कौतुकाने म्हणाला, “सर, आजीनं चिंच आणि राख लावून दोन दिवस घासली. देवघरात ठेवायची होती ना!” मी भिंग लावून पाहिले. एका नाण्यावर ‘श्री’चा वेलांटीचा भाग आणि दुसऱ्यावर ‘पति’ ही दोन अक्षरे कशीबशी दिसत होती. ती शिवराई होती. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. शिवराई पुढेही दीर्घकाळ पाडली जात होती. कोणती आधीची, कोणती नंतरची, हे अक्षरांच्या वळणावरून आणि भोवतीच्या ठिपक्यांवरून ठरवावे लागते. आजीबाईंनी भक्तीने नेमके तेच घासून टाकले होते. मी विचारले, “आणि ते गाडगं?” तो म्हणाला, “ते फुटकंच होतं, सर. टाकून दिलं.”

मंडळी, त्या आजीला मी दोष देत नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. आजचे हे बोलणे त्यासाठीच आहे.

अशा वस्तू पूर्वी नांगराला, कुदळीला किंवा पुराने ढासळलेल्या नदीकाठी सापडत. आता धातुशोधक यंत्र, म्हणजे आपण ज्याला मेटल डिटेक्टर म्हणतो, तेही आले आहे. मोठ्या देवळांच्या दारात आणि रेल्वे स्टेशनांवर तुम्ही ते पाहिले असेल. त्याची करामत सोपी आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळपास धातू असला तर त्यातही विजेचे छोटे भोवरे उठतात, त्यांचे उलट क्षेत्र वेटोळ्यापर्यंत येते आणि यंत्र आवाज करते. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली असेच यंत्र अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी वापरले होते. मौज अशी, की बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनीच यंत्राला चकवले आणि गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात जमिनीतले सुरुंग शोधायला ही यंत्रे कामी आली. युद्धानंतर ती हौशी लोकांच्या हाती गेली, आणि युरोपातल्या शेतांत, टेकड्यांवर कान लावून फिरणारी माणसे दिसू लागली.

पण यंत्र फक्त एवढेच सांगते, की इथे धातू आहे. तो खिळा आहे की खड्ग, हे ते सांगत नाही. ते माणसालाच ओळखावे लागते. त्यासाठी जाणकार माणूस वस्तूला पाच प्रश्न विचारतो. ते तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न: तू कोणत्या धातूची? लोखंडावर तांबूस गंज चढतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि मूळ आकार फुगून बिघडतो. तांबे, पितळ आणि कासे यांवर हिरवा जंगाल चढतो. चांदी काळवंडते. शिसे आकाराच्या मानाने फार जड लागते आणि त्यावर पांढुरका थर येतो. शुद्ध सोने मात्र हजार वर्षे मातीत राहिले तरी जसेच्या तसे पिवळे राहते. तेव्हा हिरवी वस्तू पाहून सोन्याच्या आशेने ती कानशीने घासणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

दुसरा प्रश्न: तुला घडवले कसे? ठोकून केलेल्या वस्तूवर हातोडीचे ठसे राहतात; साच्यात ओतलेल्या वस्तूवर कधी सांध्याची रेघ दिसते. तिसरा प्रश्न: तुझ्यावर काही खूण, अक्षर, चित्र आहे का? चौथा प्रश्न: तू झिजलीस कुठे? धार झिजली असेल तर ते हत्यार, भोक एका बाजूने झिजले असेल तर ते अडकवायचे काहीतरी. आणि पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तू कुठे, किती खोल आणि कोणाच्या सोबतीने पडली होतीस? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे वस्तू स्वतः देते. पाचव्याचे उत्तर तिला उचलणारा माणूसच देऊ शकतो, आणि तेही एकदाच.

तिसऱ्या प्रश्नाने केवढा इतिहास उलगडतो, याचे उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. नाणी तेरा हजारांवर होती आणि सारी क्षहरात क्षत्रप नहपान याची. पण बारकाईने पाहता असे दिसले, की त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप ठोकला आहे. जिंकलेल्या राजाचा पैसा वितळवून नवा पाडण्याऐवजी त्याच्याच तोंडावर आपली मुद्रा! नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढला, असे ती माता त्यात सांगते. आईने मुलाची थोरवी गायली, तर त्यात अतिशयोक्ती असू शकते. पण आईचे शब्द आणि चांदीचा छाप एकच गोष्ट सांगू लागले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. हा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर त्याची चांदी झाली असती, इतिहास झाला नसता.

आता सोबतीचा प्रश्न घेऊ. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून काहीतरी डोके काढलेले दिसले. ओढून पाहतात तो तांबे! तेथून तांब्याची ४२४ हत्यारे निघाली. चपट्या कुऱ्हाडी होत्या, लांब पहारीसारख्या पट्ट्या होत्या. वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे पावणेचारशे किलो. त्यांच्यासोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. काही गोल चकत्या, तर काही शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडाच्या आकाराचे. विचार करा, असा एखादा पत्रा एकटाच सापडला असता तर त्याला कोणी प्राचीन म्हटले असते का? तांब्याच्या कुऱ्हाडींच्या सोबतीमुळेच त्याचे वय कळण्याचा मार्ग मोकळा झाला.

गंगा-यमुनेच्या प्रदेशातही असे तांब्याचे साठे वरचेवर सापडत. त्यांत तरवारी असत, काटेरी भाले असत, आणि हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारख्या दिसणाऱ्या जाड चपट्या आकृती असत. ते हत्यार की देव, याचा वाद अजून संपलेला नाही. या वस्तू कोणत्या लोकांच्या, हेही फार काळ कळत नव्हते, कारण जो तो तांबे उचलून आणी आणि जागा विसरून जाई. १९५० च्या सुमारास पुराणवस्तुसंशोधक ब्रजबासी लाल यांनी युक्ती केली. ज्या गावांत पूर्वी असे तांबे सापडले होते, त्यांतल्या बिसौली आणि राजपूर परसू या ठिकाणी त्यांनी मुद्दाम खणून पाहिले. तांबे मिळाले नाही, पण गेरूच्या रंगाच्या, हात लावताच रंग बोटाला येणाऱ्या खापऱ्या मिळाल्या. त्यांनी तर्क केला, की तांबे आणि या खापऱ्या एकाच लोकांच्या असाव्यात. पुढे इटावा जिल्ह्यातील साईपाई येथे उत्खननात तांब्याचे हत्यार त्याच खापऱ्यांच्या थरात मिळाले आणि तर्काला आधार आला. पाहा, तांब्याचे कोडे उकलायला मदत झाली ती मातीच्या खापरीची! आता त्या विद्यार्थ्याने टाकून दिलेले फुटके गाडगे आठवा.

आता आपल्या प्रवरेच्या काठी येऊ. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद हे उजाड गाव आहे. तेथे १९७४ साली एका गावकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना काशाची चार मोठी शिल्पे सापडली. एक रथ, त्याला दोन बैल जुंपलेले आणि रथात उभा असलेला माणूस. शिवाय रेडा, हत्ती आणि गेंडा. सारी भरीव ओतलेली. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. मोडीच्या बाजारात साठ किलो काशाचा मोह केवढा असतो, हे तुम्ही जाणताच. ती शिल्पे भट्टीत न जाता अभ्यासकांच्या हाती आली, हे आपले भाग्य. आज त्यांची चित्रे जगभरच्या पुस्तकांत छापली जातात.

पण त्यांचे वय किती? म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि एस. ए. साळी हे तिघेही दायमाबादला उत्खनन केलेले संशोधक. त्यांच्या मते ही शिल्पे उत्तर हडप्पा काळाची, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. उलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण पाहून शंका घेतली. त्यात एक टक्क्याहून अधिक सोमल आहे. त्या काळच्या इतर तांब्याच्या वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. तेव्हा ही शिल्पे बऱ्याच अलीकडची असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही पक्ष प्रामाणिक. मग वाद का राहिला? कारण शिल्पे सापडली तेव्हा त्यांच्या भोवतीचा मातीचा थर पाहणारा, खापऱ्या वेचणारा, खोली मोजणारा कोणी जाणकार तेथे नव्हता. यात त्या गावकऱ्याचा काय दोष? तो तर झुडूप काढत होता. पण ते झुडूप निघाले तेव्हाच वादाचा निकाल देणारा साक्षीदारही मातीत मिसळून गेला.

हीच गोष्ट परदेशात कशी घडली, ते ऐका. तेथे ती नकळत घडली नाही, लोभापायी घडली. जर्मनीत सॅक्सनी-आनहाल्ट राज्यात नेब्रा गावाजवळ मिटेलबर्ग नावाची टेकडी आहे. १९९९ साली दोन माणसे परवानगीवाचून धातुशोधक यंत्र घेऊन तेथे फिरत होती. यंत्र वाजले. त्यांनी घाईने खणले आणि काशाची एक तबकडी काढली. ती ताटाएवढी, सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाची होती. घाईत हत्याराचा घाव बसून तिची कड आणि वरचा सोन्याचा पत्रा दुखावला. सोबत दोन तरवारी, दोन कुऱ्हाडी, एक छिन्नी आणि कड्यांचे तुकडे होते. लगेच त्यांनी सारा माल एका व्यापाऱ्याला ३१ हजार मार्कांना विकला. मग ती तबकडी हातोहाती फिरत राहिली आणि किंमत लाखांत गेली. अखेर २००२ साली राज्याचे पुराणवस्तु-अधिकारी हाराल्ड मेलर यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे गिऱ्हाईक म्हणून जाऊन पोलिसांच्या मदतीने ती हस्तगत केली.

त्या तबकडीवर काय आहे? सोन्याच्या पत्र्याची चंद्रकोर आहे, एक मोठा गोल आहे, आणि तारे आहेत. त्यांत सात ताऱ्यांचा एक झुबका आहे. आपल्याकडे पहाटे आभाळाकडे पाहून वेळ सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो दाखवला तर तो चटकन म्हणेल, “या तर कृत्तिका!” तिकडच्या विद्वानांचेही बहुधा हेच मत आहे. आकाशाचे एवढे जुने चित्र धातूवर दुसरे माहीत नाही. पण जुने म्हणजे किती? काशाचे वय सांगता येत नाही. ते सांगितले सोबतच्या तरवारीने. तिच्या मुठीत भूर्जाच्या सालीचा कण अडकला होता. त्याच्या परीक्षेवरून इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा काळ निघाला. म्हणजे साडेतीन हजार वर्षे! चोरांनी पुढे जागा दाखवली आणि तबकडीला चिकटलेली माती तेथल्या मातीशी ताडून पाहण्यात आली. तरीसुद्धा २०२० साली दोन संशोधकांनी आक्षेप घेतला, की ही तबकडी त्या खड्ड्यातलीच कशावरून? चोरांच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा? इतरांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. पण चोरून खणले नसते तर हा प्रश्न उठलाच नसता, एवढे खरे.

आणि काही वस्तू अशाही असतात, की सारे प्रश्न विचारूनही त्या उत्तर देत नाहीत. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी या भागांत रोमन काळातील काशाच्या पोकळ वस्तू सापडतात. बारा बाजू, प्रत्येक बाजू पंचकोनी, प्रत्येकीत लहानमोठे भोक आणि वीस कोपऱ्यांवर वीस गाठी. अशा शंभरावर वस्तू मिळाल्या आहेत. २०२३ साली इंग्लंडमध्ये नॉर्टन डिस्ने येथे स्थानिक हौशी मंडळींनी केलेल्या उत्खननात आणखी एक अगदी धडकी निघाली. कोणी म्हणतो हे मोजमापाचे साधन, कोणी म्हणतो मेणबत्तीचे घर, कोणी म्हणतो विणकामाचे, कोणी म्हणतो जादूटोण्याचे. खुद्द रोमन ग्रंथांत त्यांचा उल्लेख सापडत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे विद्वान डोके खाजवत आहेत! शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हे उदाहरण अवश्य सांगा. ‘अजून माहीत नाही’ हे वाक्य उच्चारायला इतिहासाला लाज वाटत नाही, हे मुलांना कळले पाहिजे.

इंग्लंडात धातुशोधक घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांनी काय सापडले आणि कुठे, याची नोंद करून द्यावी, अशी योजना १९९७ पासून आहे, आणि तीत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. आपल्याकडे रीत वेगळी आहे. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणणे हा गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेल्या धनाविषयी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली, तर काय, कुठे आणि कोणत्या दिवशी सापडले ते कलेक्टरला लेखी कळवावे लागते. पुष्कळांना वाटते, कळवले की सरकार सारे घेऊन जाणार आणि आपल्या हाती धुपाटणे. पण कायदा तसा नाही. धनाचा कोणी मालक ठरला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे, असा वाटा त्यात सांगितला आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर तिच्यातील धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा सरकारने द्यावयाचा असतो. मात्र लपवून ठेवले तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे प्रामाणिकपणात धर्मही आहे आणि व्यवहारही आहे.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या फाळाला काही लागले तर एवढे करा. औत थांबवा. वस्तू हलवण्याआधी तिचा फोटो काढा. आता फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. बांधापासून किती पावले, जमिनीखाली किती वीत, हे लिहून ठेवा. भोवतीची खापरे, मणी, हाडे, कोळसा टाकू नका. वस्तू घासू नका, चिंच नको, लिंबू नको, राख नको. आणि तलाठी किंवा तहसीलदार यांच्यामार्फत कलेक्टरांना लेखी कळवा. एक इशारा मात्र नीट ऐका. वस्तू तोफगोळ्यासारखी किंवा बाँबसारखी दिसली तर तिला हात लावू नका, ठोकून पाहू नका. पोरांना दूर न्या आणि पोलिसांना बोलवा. जुना दारूगोळा मातीत पडून निरुपद्रवी होतोच असे नाही.

आणि गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक मागणे आहे. गावात काही सापडले की पोरे आधी घरी सांगतात आणि मग तुम्हाला. मोडवाल्याच्या आणि त्या वस्तूच्या मध्ये पुष्कळदा तुमच्याशिवाय कोणी नसते. शाळेच्या फळ्यावर एकदा ते पाच प्रश्न लिहा. गुंगेरियाचा साठा पहिल्यांदा पाहिला तो गुरे राखणाऱ्या पोरांनी, हे मुलांना सांगा. तशी पोरे तुमच्याही वर्गात बसलेली आहेत.

माझा तो विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहे. मागे भेटला तेव्हा म्हणाला, “सर, गावात परवा विहिरीच्या गाळात एक काळं भांडं निघालं. मी कोणाला घासू दिलं नाही. आजीलासुद्धा!”